घरी येणारी शुश्रूषा कशी पारखावी?

गाय विकत घेताना शेतकरी काय करतो? दात पाहतो, कासेला हात लावून पाहतो, चारही सड चालू आहेत ना याची खात्री करतो, आणि जमल्यास दोन वेळचे दूध स्वतः काढून पाहतो. बियाणे घेताना पिशवीवरचा निळा टॅग, लॉट नंबर आणि मुदत वाचतो व पावती जपून ठेवतो. पाडव्याला किंवा आखाजीला सालदार ठेवायचा तर चार माणसांसमक्ष बोलणे करतो. पण घरात म्हातारी आई अंथरुणाला खिळली, की हाच शेतकरी कोणीतरी दिलेल्या नंबरावर फोन लावतो, "उद्यापासून एक बाई पाठवा" म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी आलेल्या अनोळखी व्यक्तीच्या हाती आईला सोपवून कामाला निघून जातो.

यात प्रेमाचा अभाव असतो असे आम्ही म्हणत नाही. घाई असते, रुग्णालयातून नुकतीच सुट्टी मिळालेली असते, सोयाबीनची काढणी तोंडावर असते आणि नोकरीतली रजा संपलेली असते. पारख कशाची करायची हेच ठाऊक नसते. ते या लेखात सांगावे असा आमचा हेतू आहे.

परदेशीपुऱ्यातील गरज

इंदूरचा परदेशीपुरा हा गिरण्यांच्या भागातला मोहल्ला. मालवा मिल, हुकुमचंद मिल अशा गिरण्यांचे भोंगे वाजत होते तेव्हा गावोगावची शेतकरी मुले येथे येऊन कामगार झाली. पुढे गिरण्या बंद पडल्या. हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीस बंद झाली, आणि तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकलेल्या देण्यापोटी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश डिसेंबर २०२३ मध्ये देण्यात आला. तोपर्यंत कित्येक कामगार हे जग सोडून गेले होते. जे उरले ते आज म्हातारे आहेत. मुले पुण्याला, मुंबईला किंवा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात, सुना नोकरी करतात. पक्षाघात, मोडलेला खुबा, मधुमेह, विस्मरण, कर्करोग यांपैकी काहीतरी घरोघर आहे.

गावाकडेही चित्र वेगळे नाही. म्हातारा-म्हातारी शेतावरच्या घरात राहतात आणि मुलगा परदेशीपुऱ्यात किंवा त्याहून दूर असतो. म्हणून पगारी शुश्रूषा हा आता केवळ श्रीमंतांचा विषय राहिलेला नाही. इंदूरसारख्या शहरात सेविका पुरविणाऱ्या एजन्सी आहेत, रुग्णालयांच्या दारापाशी त्यांची कार्डे मिळतात. त्यांतल्या काही उत्तम आहेत, तर काही नुसत्या फोन नंबरावर चालतात. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

घर आणि रुग्णालय यांत फरक काय?

रुग्णालयात एका रुग्णावर अनेक डोळे असतात. सकाळी डॉक्टर फेरी मारतात, वॉर्डची सिस्टर तक्ता तपासते, पाळी बदलताना एक परिचारिका दुसरीला सारे समजावून देते, शेजारच्या खाटेवरचे नातेवाईकही पाहत असतात. एकीची चूक दुसरीच्या नजरेस पडते. घरात दार लोटले की आत दोघेच उरतात, रुग्ण आणि सेविका. रुग्णाला बोलता येत नसेल तर साक्षीदार कोणीच नाही.

म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. घरच्या शुश्रूषेचा दर्जा सेविकेच्या पांढऱ्या कोटावरून, गोड बोलण्यावरून किंवा एजन्सीच्या रंगीत कार्डावरून कळत नाही. तो तीन गोष्टींवरून कळतो: रोज लिहिलेली वही, ती वही तपासणारा तिसरा माणूस, आणि खुद्द रुग्णाचे अंग. पुढे जे सांगणार आहोत ते याच तीन गोष्टींसाठी.

पहिली पायरी: कोण येणार हे विचारा

"नर्स पाठवतो" या शब्दावर समाधान मानू नये. या कामात तीन निरनिराळ्या प्रकारची माणसे येतात.

पहिली प्रशिक्षित परिचारिका. तिने दोन वर्षांचा एएनएम, तीन वर्षांचा जीएनएम किंवा चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग असा अभ्यासक्रम पुरा केलेला असतो आणि राज्याच्या नर्सेस कौन्सिलकडे तिची नोंदणी असते. मध्य प्रदेशचे कौन्सिल भोपाळला आहे, महाराष्ट्राचे मुंबईला. नोंदणीचे प्रमाणपत्र मागून पाहावे, त्यावरचे नाव आधार कार्डावरच्या नावाशी ताडून घ्यावे, आणि मुदत संपलेली नाही ना हेही पाहावे.

दुसरी शुश्रूषा-सहायक. जनरल ड्यूटी असिस्टंट किंवा होम हेल्थ एड असे काही महिन्यांचे शिक्षण तिने घेतलेले असते. अंग पुसणे, कूस बदलणे, भरविणे, उठविणे-बसविणे, मशीनवर रक्तदाब पाहणे ही तिची कामे.

तिसरी आया किंवा मावशी. शिक्षण नसले तरी अनुभव असतो, आणि पुष्कळदा माया असते. तिला कमी लेखू नये, पण तिच्याकडून परिचारिकेचे कामही करवून घेऊ नये.

इंजेक्शन देणे, सलाइन लावणे, लघवीची नळी बदलणे, नाकातून पोटात जाणारी नळी घालणे, खोल जखमेचे ड्रेसिंग करणे ही कामे नोंदणी असलेल्या परिचारिकेनेच, आणि तीही डॉक्टरांच्या लेखी सूचनेवरून करावीत. "मला सगळे येते, डॉक्टरांना कशाला त्रास?" असे म्हणणाऱ्या सेविकेपासून सावध राहावे. "हे माझ्याकडून होणार नाही, सिस्टरला बोलवा" असे म्हणणारी अधिक भरवशाची.

घरात कामास ठेवलेल्या व्यक्तीची माहिती आपल्या पोलीस ठाण्यात द्यावी. परदेशीपुऱ्याला स्वतःचे ठाणे आहे. याआधी ज्या घरी तिने काम केले त्या दोन घरांचे नंबर घेऊन स्वतः बोलावे. "बाई चांगली होती का?" असे विचारले तर उत्तर "हो" असेच येते. त्याऐवजी विचारावे: "किती महिने होती? का सोडले? रुग्णाला जखम झाली होती का? पुन्हा गरज पडली तर तिलाच बोलवाल का?"

दुसरी पायरी: बोलणे कागदावर आणा

एजन्सीशी ठरलेले सारे एका कागदावर असावे. कामाचे तास किती, कोणती कामे करायची व कोणती करायची नाहीत, सेविका आजारी पडली तर बदली माणूस किती तासांत येणार, पाहणीसाठी वरिष्ठ परिचारिका किती दिवसांनी येणार, रात्री अडचण आली तर फोन कोण उचलणार, आगाऊ भरलेले पैसे काम बंद केल्यावर परत मिळणार का. यांपैकी "वरिष्ठ पाहणीला कधी येणार" हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. त्याला उत्तर नसेल तर ती एजन्सी माणसे पाठविते, शुश्रूषा पुरवीत नाही, असे समजावे.

पावती घेतल्यावाचून पैसे देऊ नयेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे देऊन घेतलेली सेवा येते, पण आपण स्वतः नोकरीस ठेवलेल्या माणसाची वैयक्तिक चाकरी येत नाही. म्हणून एजन्सीकडून माणूस घेतला असेल तर करार व पावती आपल्या हाती असलीच पाहिजे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

पैशाविषयी एक गैरसमज दूर करावा. आयुष्मान योजनेत ७० वर्षे व त्यापुढील सर्वांना उत्पन्न न पाहता वय वंदना कार्ड मिळण्याची सोय २०२४ मध्ये झाली, आणि त्यावर वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. परंतु ती सोय रुग्णालयात भरती होण्यासाठी आहे. घरी ठेवलेल्या सेविकेचा महिन्याचा पगार त्यातून निघत नाही. तो हिशेब वेगळा धरावा.

तिसरी पायरी: पहिले तीन दिवस सोबत राहा

दूध काढून पाहिल्याखेरीज गाय घेत नाही, तसे पहिले तीन दिवस घरातल्या कोणीतरी सेविकेसोबत राहावे. हेरगिरी म्हणून नव्हे, आपल्या माणसाच्या सवयी तिला सांगण्यासाठी. त्या ओघात पुढील गोष्टी आपोआप दिसतात.

रुग्णाला हात लावण्यापूर्वी आणि मलमूत्र काढल्यानंतर ती साबणाने हात धुते का? काही करण्यापूर्वी रुग्णाला सांगते का: "आजी, आता कुशीवर वळवते हं"? अंग पुसताना पडदा ओढते, पांघरूण घालते का? उचलताना काखेत हात घालून ओढते की आधार देऊन सरकविते? भरविताना मोबाईलकडे पाहते की रुग्णाच्या तोंडाकडे? या लहान गोष्टी आहेत, पण ज्या हाताला या सवयी आहेत तो मोठ्या कामातही सहसा चुकत नाही.

चौथी पायरी: वही

शंभर पानांची साधी वही आणावी आणि खाटेपाशी दोरीने बांधून ठेवावी. तीत रोज वेळ घालून लिहावे: कोणते औषध किती वाजता दिले, किती खाल्ले, किती पाणी प्याले, लघवी व शौच, ताप, रक्तदाब, साखर, कूस केव्हा बदलली, काही नवे दिसले का. सेविकेला लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाने रात्री विचारून लिहावे.

वही वाचण्याचीही एक रीत आहे. आठवडाभराची सारी पाने एकाच शाईत, एकाच बसणीत लिहिल्यासारखी दिसली, रोजचा रक्तदाब एकच आला, रात्री दोन व चारच्या नोंदी सकाळी सातच्या अक्षरात दिसल्या, तर ती वही नुसती भरलेली आहे असे समजावे. खऱ्या वहीत खाडाखोड असते, "आज दुपारी जेवली नाही" असे असते, एखादे औषध चुकल्याचीही नोंद असते. चूक लिहिणाऱ्या सेविकेला रागावू नये. रागावलात तर पुढची चूक वहीत येणार नाही, ती रुग्णाच्या अंगावरच दिसेल.

पाचवी पायरी: रुग्णाचे अंग

वहीत खोटे लिहिता येते, अंग मात्र खोटे सांगत नाही. घरच्या माणसाने आठवड्यातून दोनदा स्वतः पुढील गोष्टी पाहाव्यात.

कातडी. एकाच बाजूवर पडून राहिल्याने हाडाच्या उंचवट्यावर दाब येतो, तेथील रक्त थांबते आणि कातडी मरते. यालाच दवाखान्यात बेडसोर म्हणतात. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर, खांद्याची हाडे, डोक्याची मागची बाजू व कान या जागा उजेडात पाहाव्यात. लाल डागावर बोट दाबून सोडावे. डाग क्षणभर पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर ठीक. दाबूनही लालच राहिला तर जखमेची ती सुरुवात आहे. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा दुखरी लागते का हे हाताने चाचपावे. अशा जागी चोळून मालीश करू नये, खाली मधे भोक असलेली गोल उशीही ठेवू नये. तो भाग दाबापासून मोकळा ठेवावा, साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी आणि डॉक्टरांना दाखवावे. एवढ्यावर जखम थांबू शकते. हयगय केली तर ती हाडापर्यंत जाते आणि तिच्यातील विष रक्तात भिनून माणूस दगावतो. सेवा चालू असताना नवी जखम झाली, तर त्या सेवेबद्दल ताबडतोब विचारणा झालीच पाहिजे.

गिळणे. पक्षाघात झालेल्या माणसाला आडवे ठेवून भरविले तर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. बसवून भरवावे, आणि जेवणानंतर अर्धा तास तरी तसेच बसू द्यावे. झोपेच्या गुंगीत भरवू नये. जेवताना ठसका लागतो किंवा आवाज घोगरा, ओलसर होतो असे दिसले तर डॉक्टरांना सांगावे. नाकात नळी असेल तर नाकाशी तिच्यावर खूण करून ठेवावी आणि दर वेळी ती खूण जागेवर आहे ना हे पाहूनच अन्न सोडावे. खूण सरकलेली दिसली तर काहीही न घालता परिचारिकेला बोलवावे.

लघवीची पिशवी. ती नेहमी कमरेच्या खाली लटकलेली असावी, पण जमिनीला टेकलेली नसावी. कूस बदलताना ती रुग्णाच्या पोटावर ठेवली जाते का पाहावे. तसे केल्याने लघवी उलटी जाऊन संसर्ग होतो.

इन्सुलिन. येथे एक चूक जिवावर बेतणारी असते. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात, एका मिलिलिटरला ४० युनिट व १०० युनिट. सिरिंजही तशाच दोन असतात, ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची नारिंगी टोपणाची. बाटली १०० ची आणि सिरिंज ४० ची घेऊन २० च्या खुणेपर्यंत औषध भरले, तर २० ऐवजी ५० युनिट अंगात जातात. उलट बाटली ४० ची व सिरिंज १०० ची असेल तर २० ऐवजी ८ च जातात. बाटली व सिरिंज यांवरचे आकडे जुळतात ना हे घरच्या माणसाने स्वतः पाहावे. साखर ७० च्या खाली गेली, किंवा रुग्णाला दरदरून घाम सुटला, कापरे भरले, तो असंबद्ध बोलू लागला, तर शुद्धीवर असल्यास व गिळता येत असल्यास तीन लहान चमचे साखर पाण्यातून द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ ला फोन करावा. हे सेविकेला तोंडपाठ आहे का, विचारून पाहावे.

औषधे. गोळ्या त्यांच्या मूळ पाकिटातच असाव्यात. शेतकऱ्याच्या घरी एक जास्तीचा धोका असतो, फवारणीच्या औषधाच्या बाटल्या. त्या रुग्णाच्या खोलीत, औषधांच्या फळीवर किंवा पाण्याच्या बाटलीत भरून कधीही ठेवू नयेत. नवख्या सेविकेला कोणत्या बाटलीत काय आहे हे कसे कळणार? आणखी एक. रुग्ण दिवसभर गुंगीत राहू लागला तर झोपेच्या गोळ्या मोजाव्यात. रुग्ण झोपला की काम हलके होते, हा मोह खरा आहे.

प्राणवायू. कोविडच्या २०२१ च्या लाटेपासून पुष्कळ घरांत प्राणवायूचे यंत्र आले आहे. ते चालू असताना त्या खोलीत विडी, चूल, उदबत्ती, समई काही पेटवू नये. आपल्या घरी रुग्णाच्या उशाशी क्रूसासमोर मेणबत्ती लावण्याची चाल आहे. ती मेणबत्ती दुसऱ्या खोलीत लावावी.

सुया व लंगोट. इंदूर शहराने २०१७ पासून सलग सात वर्षे स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक मिळविला तो घरोघर कचरा वेगळा केल्यामुळे. रुग्णाचे लंगोट वेगळे गुंडाळून सॅनिटरी कचऱ्यात द्यावेत. सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात साठवाव्यात. सुया उघड्या कचऱ्यात टाकणारी सेविका कचरा उचलणाऱ्या माणसाचा जीव धोक्यात घालते.

मन. सेविका खोलीत असताना रुग्ण गप्प होतो का? तिने हात पुढे करताच दचकतो का? दंडाच्या आतल्या बाजूला काळे-निळे वळ आहेत का? हात खाटेला बांधलेले आढळले का? "त्या नळी ओढतात म्हणून बांधले" हे उत्तर पुरेसे नाही. बांधण्याचा निर्णय सेविकेचा नव्हे. रुग्णाशी रोज पाच मिनिटे एकांतात बोलावे. बोलता येत नसेल तर हात हातात घेऊन बसावे, पुष्कळ काही कळते.

तिसरा माणूस

दयाळू शोमरोनी माणसाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. त्याने जखमी वाटसरूला उतारशाळेत नेले, रखवालदाराला पैसे दिले आणि परत येईन असे सांगून गेला. पैसे देऊन घेतलेल्या शुश्रूषेविषयी त्या गोष्टीत एक व्यावहारिक शहाणपण आहे. सेवा दुसऱ्यावर सोपविता येते, पण परत येऊन पाहण्याची जबाबदारी सोपविता येत नाही.

मुलगा दूर असेल तर शेजारी, भाऊबंद, महिला मंडळातील एखादी निवृत्त परिचारिका, किंवा युवक मंडळातला एखादा जाणता मुलगा यांपैकी कोणीतरी आठवड्यातून एकदा, वेळ न कळविता, घरी जावे. वही पाहावी, टाचा पाहाव्यात, रुग्णाशी बोलावे, आणि मुलाला फोनवर सांगावे. केरळने हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर केली. कोझिकोड येथे १९९३ मध्ये वेदनाशामक शुश्रूषेची संस्था निघाली, तिच्यातून शेजाऱ्यापाजाऱ्यांची स्वयंसेवक मंडळे उभी राहिली, आणि २००८ मध्ये केरळ सरकारने त्यासाठी धोरणच ठरविले. तेथे परिचारिका घरी येते आणि गावचे स्वयंसेवकही येत-जात राहतात. रुग्णाभोवतीचे डोळे वाढतात.

गडचिरोलीचा धडा

"आम्ही साधी माणसे, सेवेचा दर्जा आम्ही काय मोजणार?" असे कोणी म्हणेल. त्यास महाराष्ट्रातलेच उत्तर आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बाळांची शुश्रूषा घरीच करण्याचा प्रयोग केला. गावातल्याच, थोड्या शिकलेल्या स्त्रियांना शिकवून त्यांना आरोग्यदूत केले. बाळाचे वजन करणे, ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि गरज पडल्यास इंजेक्शन देणे, इतके सारे त्या झोपडीत करू लागल्या. खेड्यातल्या बाईने नवजात बाळाला इंजेक्शन द्यावे हे सुरक्षित आहे काय, असा प्रश्न कोणालाही पडेल.

संस्थेने त्याचे उत्तर शब्दांनी दिले नाही. प्रत्येक बाळाची नोंद ठेवली, नोंदी पडताळल्या, आणि ३९ गावांची तुलना जेथे ही सेवा नव्हती अशा ४७ गावांशी केली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी सेवेच्या गावांतील नवजात बाळांचा मृत्युदर हजारी २५.५ इतका खाली आला होता, तुलनेने ही घट सुमारे ६२ टक्के होती. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी पूर्वी शंभरात सुमारे १७ दगावत, ते प्रमाण तीनच्याही खाली आले. पुढे २०११ मध्ये भारत सरकारने ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर घेतली. आज रुग्णालयात प्रसूती झालेल्या बाईच्या घरी आशाताईने ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी, अशा सहा भेटी द्यावयाच्या असतात. घरी प्रसूती झाली असेल तर पहिल्या दिवशीची भेट धरून सात. आपल्या घरी बाळ आले असेल तर या भेटी मोजा. घरच्या शुश्रूषेच्या दर्जाचे तेही एक माप आहे.

धडा असा की शुश्रूषा झोपडीतही सुरक्षित होऊ शकते, मात्र मोजणी व तपासणी हवी. आपल्या घरासाठी सहा आकडे पुरेत. महिन्याच्या शेवटी वहीवरून ते काढावेत: नव्या जखमा किती, रुग्ण किती वेळा पडला, औषधे किती वेळा चुकली, तापाचे दिवस किती, वजन किंवा दंडाचा घेर किती, आणि सेविका किती वेळा बदलली. हा कागद डॉक्टरांकडे जाताना सोबत न्यावा. आकडे सुधारत असतील तर सेवा चांगली आहे. बिघडत असतील तर आजार वाढला की सेवा घसरली, हे डॉक्टरांना विचारावे.

सेविकेचे हक्क

दर्जाची एक बाजू आपल्या हातात आहे. चोवीस तासांच्या कामावर ठेवलेली बाई झोपणार केव्हा? रात्री चार वेळा उठणारी व्यक्ती दुसऱ्या दिवशी इन्सुलिनची खूण नीट वाचू शकेल काय? सलग जागणाऱ्या बैलाकडूनही आपण नांगर ओढवून घेत नाही. बारा तासांची पाळी असावी, आणि चोवीस तासांची गरज असेल तर दोघी असाव्यात किंवा रात्री घरच्यांनी वाटा उचलावा. आठवड्याची सुट्टी, वेळेवर पगार, पोटभर जेवण, बसायला खुर्ची आणि दार लावता येईल असे न्हाणीघर तिला मिळाले पाहिजे. एजन्सी आपल्याकडून घेते त्यातले तिच्या हाती किती पडते, हेही विचारावे. सेविका दर महिन्याला बदलतात त्याचे कारण पुष्कळदा तेथेच सापडते. घरातल्या पुरुषांकडून तिला त्रास होणार नाही ही जबाबदारी घरमालकाची आहे. शिवाय ही बाई पुष्कळदा आपल्यासारख्याच एखाद्या अल्पभूधारक शेतकऱ्याची मुलगी असते. उद्या आपली मुलगी हे काम करू लागली तर तिला कसे वागविले जावे असे आपल्याला वाटेल, तसेच हिला वागवावे.

बिघडले तर काय करावे?

लहान चूक असेल तर आधी सेविकेशी, मग एजन्सीच्या वरिष्ठाशी बोलावे, आणि काय ठरले ते वहीत लिहावे. मारहाण, बांधून ठेवणे, चोरी, औषधांची लपवालपवी असे काही आढळले तर वाट पाहू नये. त्याच दिवशी काम थांबवावे, जखमेचे फोटो घ्यावेत, डॉक्टरांना दाखवून लिहून घ्यावे, पोलीस ठाण्यात कळवावे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन २०२१ पासून आहे, तेथे सल्ला व मदत मिळते. छळ करणारा घरचाच असला तरीही हा नंबर चालतो. तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, छातीत कळ, धाप, बेशुद्धी यांपैकी काही दिसले तर एजन्सीला फोन करीत बसू नये, थेट १०८ ला करावा. हे नंबर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर, खाटेजवळ लावावेत, म्हणजे सेविकेला शोधावे लागणार नाहीत.

ज्यांच्या घरी आज कोणी अंथरुणावर आहे त्यांनी हा अंक बाजूला ठेवण्यापूर्वी एक करावे. आत जाऊन पांघरूण सरकवावे आणि दोन्ही टाचा उजेडात पाहाव्यात. मग वही आणायला सांगावे.